पानी दिलेला दांडा

"रॉबर्टला चारचौघांत कधी चुकीचं ठरवू नकोस," इनेझने मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "तो चुकला तर थांब. चहाला तो एकटाच गेटबाहेर जाऊन उभा राहतो, तेव्हा सांग. लोकांसमोर बोललीस ना, तर ती चूकच धरून बसेल. मरेल, पण सोडणार नाही."

मी हसले. धातूला कुणाच्या मानापमानाशी काय घेणं, असं काहीसं बोललेही. इनेझ नवऱ्याकडे मस्कतला निघाली होती, तिची लॅबमधली खुर्ची मला मिळणार होती, आणि जाणाऱ्या माणसाचा सल्ला आपण ऐकतो त्यातला निम्मा निरोपाचा म्हणून सोडून देतो. तिने पुढे वाद घातला नाही. मायक्रोस्कोपवरची धूळ कशी पुसायची ते दाखवलं आणि गेली.

रॉबर्ट मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाचा गैरसमज नको. तो उद्धट आहे, बायकांशी तिरकं बोलतो, आणि मी बाळंतपणानंतर कामावर परत आले त्या दिवशी त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं होतं, "घरी पोर रडतंय आनि बाय हितं लोखंडाला माया लावायला आली काय?" लोक हसले. मीही हसले, कारण न हसले असते तर आणखी हसले असते.

वसई पूर्वेला, वालीवच्या बाजूला आमचा हीट ट्रीटमेंटचा कारखाना. बाहेर कुठेतरी घडवलेले यंत्रांचे भाग आमच्याकडे यायचे, भट्टीत तापायचे, तेलात नाहीतर पाण्यात बुडायचे आणि कडक होऊन परत जायचे. येताना जसे दिसायचे तसेच जातानाही दिसायचे. बदललेलं असायचं ते आतून, आणि आत बघायचं काम माझं. तुकडा कापायचा, आरशासारखा घासायचा, त्यावर आम्ल फिरवायचं आणि मायक्रोस्कोपखाली धरायचा. धातू अखंड नसतो. तो दाण्यांचा बनलेला असतो, एकमेकांना चिकटून बसलेल्या. दाणे केवढे आहेत, त्यांच्या कडांवर काय साचलंय, हे वाचता आलं की तो भाग पुढे कसा वागेल ते सांगता येतं. कॉलेजात शिकलेलं हे एकच मला मनापासून येतं.

रॉबर्ट भट्टीचा फोरमन. घर नायगावच्या बाजूला, बाप मिठागरावर कामाला होता. लोखंडाला पाणी देण्यात त्याच्यासारखा दुसरा माणूस आसपास नव्हता, हे मी नाकबूल करत नाही. लोखंड लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं, यालाच पाणी देणं म्हणतात. लोहारापासून चालत आलेला शब्द. रॉबर्ट 'पानी' म्हणायचा. "पानी पकडलं," तो म्हणाला की जॉब झाला. माझी तपासणी व्हायच्या आधीच माल ट्रकमध्ये चढलेला असायचा.

त्याची एक सवय मात्र मला पहिल्यापासून बघवत नसे. कारखान्यात जमिनीत खोल खणलेली एक भट्टी होती. तिच्यात इंजिनांचे लांब क्रँकशाफ्ट उभे टांगायचे, म्हणजे तापताना ते वाकत नाहीत. वर चेनपुली, तिच्या हुकाला लांब दांडे, दांड्यांना खाली जड माल. मंद लाल झालेला तो सगळा डोलारा वर उचलला की रॉबर्ट त्याच्याखाली वाकायचा. तळाच्या जॉबचा रंग बघायला. भट्टीवरच्या मीटरवर त्याचा विश्वास नव्हता. डोक्यावर तेवढं वजन लोंबतंय आणि हा माणूस मान वाकडी करून, एक डोळा मिटून, खालून बघतोय.

"अंकल, बाजूने बघा ना," मी एकदा म्हटलं.

"बाजूने बायकोला बघतात," तो म्हणाला. "दांडा तुटायच्या आधी सांगतो, बाय. मान टाकतो. लांब होतो. इतकी वर्षं सांगत आलाय मला."

तेही खरं होतं. जुने दांडे साध्या पोलादाचे. उष्णतेत हळूहळू ताणायचे, वाकायचे. जास्त लांबला की रॉबर्ट तो काढून भंगारात टाकायचा. म्हणून तर आमचे मालक जितेशशेठ वैतागले होते. दर थोड्या दिवसांनी नवे दांडे. मग एके दिवशी त्यांनी कुठूनतरी फुटलेल्या जहाजाच्या भंगारातून निकेलच्या मिश्रधातूचे चार दांडे आणले.

"सुपरअलॉय आहे, विनिताबेन," ते कौतुकाने म्हणाले. "विमानाच्या इंजिनात टाकतात. आता बोला. हा आपल्या भट्टीत वाकेल काय?"

मी चुंबक लावलं, चिकटलं नाही. टोकावरचा शिक्का वाचला, पुस्तकात शोधला. माल अस्सल होता. पण शेठनी ठोकून सरळ करायला आणि टोकाला अडकवायचे डोळे करायला ते दांडे बाहेर देऊन लाल तापवून घेतले होते, म्हणजे आतलं मूळ बळ गेलेलं होतं. ते परत आणायचं तर दांडे आमच्या भट्टीतून काढावे लागणार होते.

मी रॉबर्टला समजावायला गेले. अजून मी इनेझचं काहीच मोडलं नव्हतं, तो एकटाच होता.

"हे लोखंड नाही, अंकल. याला आधी चांगलं तापवायचं, थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि हवेत गार करायचं. तेव्हा हे मऊ निघेल. मऊच निघायला पाहिजे. मग कमी आचेवर खूप वेळ ठेवायचं. तेव्हा आतल्या आत बारीक कण तयार होतात, आणि त्या कणांमुळे हे कडक होतं. याचं बळ पाण्यातून येत नाही. हे मुरावं लागतं."

"मुरावं लागतं," रॉबर्ट म्हणाला. "लोनचं हाय का?"

"तसंच समजा."

"मग मोहरी टाकू की मेथी?"

मी कागदावर दोन्ही तापमानं लिहून दिली. त्याने कागद खिशात घातला. दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीला, आर्याला ताप भरला आणि मी रजा घेतली.

इथे माझ्याबद्दल एक सांगायला हवं. मी घाबरट आहे. मनवेलपाड्यातल्या आमच्या घरात हे सर्वांना पाठ आहे. मी गॅसचं बटण परत परत बघते. आर्या झोपली की तिच्या नाकाशी बोट नेते. गच्चीचा कठडा, पाण्याच्या टाकीचं झाकण, खिडकीखालचा स्टूल, सगळ्यावर माझी नजर. माझा नवरा सुमेध म्हणतो, "तुझ्या डोक्यात रोज एक अपघात होतो, विनी, आणि रोज आपण सगळे वाचतो." सासूबाई एवढं लांबण लावत नाहीत. "हिला सुखाने जगता येत नाही," एवढंच. तेव्हा मी काही सांगायला गेले की ते आधी माझ्या स्वभावात मोजलं जातं. उरलं तर ऐकलं जातं.

मी कामावर परतले तेव्हा चारही दांडे पाण्याच्या टाकीशेजारी आडवे पडले होते, ओले, काळपट. रॉबर्ट चिडलेला होता. त्याने दांडे तापवले, गार केले, कडकपणा मोजायच्या मशीनवर लावले. मऊ निघाले. अगदी मी सांगितलं होतं तसेच. पण मऊ म्हणजे पाणी पकडलं नाही, हे त्याच्या हाडात बसलेलं. त्याने ते परत भट्टीत घातले, आच वाढवली, आणि पाण्यात सोडले. पुन्हा मऊ. पुन्हा घातले, आणखी आच. भट्टी जेवढी जाईल तेवढी नेली. पुन्हा पाणी, पुन्हा मऊ. निकेल ते. त्याला तुम्ही समुद्रात बुडवलं तरी त्याच्यासाठी पाणी म्हणजे नुसतं गार होणं.

मी हे ऐकत होते त्याच वेळी शेठ एका गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत होते. भट्टीवरची सगळी माणसं आजूबाजूला होती. "काय झालं रॉबर्ट, शिजला नाय काय तुझा दांडा?" शेठनी विचारलं.

"भंगार माल हाय. पानीच पकडत नाय."

आणि मी बोलले. "माल भंगार नाही. तुम्ही निकेलला लोखंड समजून पाणी पाजत बसलात. मी लिहून दिलं होतं ना? जास्त आचेने आतले दाणे वाढून बसले असतील."

गिऱ्हाईक हसलं. त्याच्यामुळे शेठ हसले. मग शेठ हसले म्हणून भट्टीवरची माणसं, आणि त्यात एक जण "पाजा अजून, अंकल, तहान लागली असेल" असं म्हणालाही. रॉबर्ट हसला नाही. त्याने खिशातून माझा कागद काढला, सरळ केला, भिंतीवर चिकटवला, आणि दांडे कमी आचेच्या भट्टीत मुरायला घातले. लिहिल्याबरहुकूम. माझ्याकडे बघितलं नाही.

ते बाहेर निघाल्यावर त्याने स्वतः मशीनवर लावले. काटा जिथे हवा तिथे बरोबर गेला. त्याने एक दांडा उचलून आणला आणि माझ्या टेबलावर असा टाकला की काचेच्या बाटल्या हलल्या.

"मुरलं तुझं लोनचं, बाय. चाखून बघ."

मी चाखूनच बघितलं. टोकाच्या डोळ्याबाहेर जास्तीची लांबी होती, तिथून करवतीने चकती कापली. घासली, पॉलिश केली, आम्लात धरली. मायक्रोस्कोपखाली ठेवल्यावर आधी वाटलं भिंगच चुकीचं लावलं. दाणे मावेनात. जिथे तांदळाच्या कण्या दिसायला हव्यात तिथे शहाबादी फरशा. आणि प्रत्येक फरशीच्या कडेने एक काळा धागा, कुठेही न तुटलेला. तो धागा सलग नसावा. तिथे सुटे सुटे ठिपके असले तर कडा पकडून राहतात. सलग झाला की ती पकड नाही, चीर आहे, फक्त अजून उघडलेली नाही.

कडकपणाचा काटा खोटं बोलत नव्हता. दाण्यांच्या आत ते बारीक कण तयार झालेच होते, माझ्या मायक्रोस्कोपला दिसणार नाहीत इतके बारीक. दाणा आतून भक्कम होता. मोडणार होत्या त्या कडा. गार असताना नाही, तापलेल्या भट्टीत, वजन लोंबत असताना. आणि मोडताना हा दांडा लांब होणार नव्हता, मान टाकणार नव्हता. आधी सांगणार नव्हता.

मी शेठना बोलावून आणलं. त्यांनी डोळा लावला.

"एकदम मस्त डिझाईन आहे. साडीवर छापला तर चालेल."

"शेठ, हे दांडे वापरू नका. माणूस मरेल."

"हार्डनेस किती आला?"

"बरोबर आलाय. पण..."

"मग झालं ना, विनिताबेन." ते सरळ उभे राहिले. आवाज मऊ झाला, आणि तो मऊपणा मला ओरडण्यापेक्षा लागला. "बेबी अजून लहान आहे. झोप होत नसेल. माझी मिसेस पण अशीच होती. फॅन डोक्यावर पडेल म्हणायची."

रॉबर्ट दारात उभा होता. मी त्याला म्हटलं, "अंकल, एकदा बघा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"माझे डोळे भट्टी बघायला हायेत. तुझ्या नळीत घालायला नाय." तो शेठकडे वळला. "दांडे आजच चढवतो."

बाकीचे जुने दांडे त्याने त्याच दिवशी भंगारात टाकले. मला दाखवून. पुढे माल वर निघायचा तेव्हा तो खाली वाकण्याआधी लॅबच्या खिडकीकडे बघायचा. मी बघतेय ना याची खात्री करून मग वाकायचा, आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ खाली राहायचा. भट्टीवर कुणीतरी म्हणायचं, "बाय डोळे झाकतेय रे," आणि हसू यायचं.

मी डोळे झाकत नव्हते. मी मोजत होते, काय ते मलाही सांगता आलं नसतं.

घरी सुमेधला सांगितलं तर तो जेवता जेवता म्हणाला, "तू तुझं काम केलंस, सांगितलंस. आता त्यांचं ते बघतील." सासूबाईंनी आर्याला भरवताना मला ऐकू जाईल असं म्हटलं, "आई लोखंडाची काळजी करते हं, सोनू. आपण वरणभात खाऊ." ती चकती मी पर्समधून घरी आणली होती. बेकलाइटच्या काळ्या प्लास्टिकमध्ये बसवलेली, बटणासारखी. आर्याने ती तोंडात घातली आणि मी इतकी किंचाळले की शेजारची दारं उघडली.

पहिला दांडा तुटला तेव्हा खाली कुणी नव्हतं. रॉबर्ट पलीकडे ट्रकवाल्याशी भांडत होता, म्हणून. माल नुकताच वर येत होता आणि ताडकन आवाज झाला, काच फुटावी तसा, आणि क्रँकशाफ्ट भट्टीच्या खड्ड्यात गेले. धूर, शिव्या, पळापळ. सगळं शांत झाल्यावर दांड्याचे दोन तुकडे बाहेर काढले. मी हातमोजे घालून एक उचलला. कुठे ताणलेला नाही, बारीक झालेला नाही. तुटलेलं तोंड लखलखत होतं, खड्याखड्याचं.

मला ते कुठे पाहिलंय ते लगेच आठवलं. रॉबर्टच्या डब्यात. तो घरून खडेमीठ आणायचा, बारीक मीठ त्याला चालत नसे. एकदा डबा खाताना कुणालातरी सांगत होता, "आमचा बाप मिठाच्या कोंडीत उतरून मीठ ढवलायचा. ढवललं नाय, उनात तसंच पडू दिलं, तर खडा वाढतो. दिसायला मोठा, पन दोन बोटांत फुटतो. व्यापारी घेत नाय."

मी तुकडा त्याच्यापुढे धरला. "अंकल, बघा. हे खडेमीठ झालंय. जास्त आच लागली, खडा वाढला. तुमच्या वडिलांनी हे मीठ विकायला काढलं असतं का?"

त्याने तुकडा हातात घेतला. तुटलेल्या तोंडावरून अंगठा फिरवला. एक क्षण त्याचा चेहरा उघडा झाला, मी शपथेवर सांगते, त्याला कळलं. मिठागरावरच्या माणसाला न कळायला काय झालं. त्याने नखाने एक खडा खरवडला, आणि तो सुटून आला.

पण मी परत लोकांसमोरच बोलले होते. भट्टीवरची सगळी माणसं गोल करून उभी होती, आणि मी त्याच्या बापाला मध्ये आणलं होतं.

"हा तोच दांडा ना?" शेठ मागून म्हणाले. "जो ह्या कापत होत्या?"

रॉबर्टने वर बघितलं. "हां," तो हळूहळू म्हणाला. "तोच. हिने करवत लावली होती."

"शेठ, करवत टोकाला लावली होती. हा मधून तुटलाय. बघा तरी."

"करवतीचा हादरा आतून जातो," रॉबर्ट म्हणाला. आता त्याचा आवाज परत घट्ट झाला होता. "लोनच्याची बरनी सारखी उघडून बघितली तर नासनारच. बाकीच्या तिघांना हिने हात लावला नाय. ते बघा, टकाटक हायेत."

त्याने दोन्ही तुकडे उचलून भंगाराच्या ढिगात फेकले. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. नुकसानीबद्दल एक शब्द काढला नाही, मोठेपणाच दाखवला. "थोडा आराम करा, विनिताबेन. बेबी मोठी होऊ दे. मग बघू." वॉचमनला सांगून ठेवलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मी डबा आणि चप्पल घ्यायला गेले तेव्हा त्या वस्तू मला गेटवरच आणून दिल्या.

तेव्हा कुठे मला इनेझचं ऐकावंसं वाटलं. मी चहाच्या वेळेला गेटसमोर रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिले. रॉबर्ट बाहेर आला, एकटाच, ग्लास हातात. मी जवळ गेले.

"अंकल, भांडायला नाही आले. नोकरी पण नको. तीन दांडे उरलेत, ते काढा. शेठना सांगू नका मी म्हटलं म्हणून. तुमच्या मनाने काढलेत असं सांगा. म्हणा, वाकलेत."

तो चहा पीत राहिला. "ते वाकत नायत," तो म्हणाला. पायाखाली बघत.

"तेच तर."

"तेच तर," तो म्हणाला.

मला वाटलं झालं. अजून दोन मिनिटं मिळाली असती तर झालंच असतं. पण गेटमधून तिघे-चौघे बाहेर आले, मला बघून थांबले, आणि त्यातला एक म्हणाला, "काय अंकल, बाय लोनचं घेऊन आली काय?"

रॉबर्टने उरलेला चहा माझ्या पायापाशी ओतला. "पोरीला सांभाळ जा," तो मोठ्याने म्हणाला. "आनि ऐक. उद्यापासून मी त्या दांड्याखालीच डबा खायला बसतो. बघायला ये."

मी त्याच्या घरी फोन केला. नंबर इनेझने लॅबच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला होता, तो मला पाठ होता. त्याची बायको रोझलीन बोलली. मी सगळं सांगितलं, मीठ, कडा, वाकणं. ती मध्ये बोलली नाही, मला वाटलं ऐकतेय. मग म्हणाली:

"तू कोन ती विनिता ना? नोकरी गेली ती?"

"हो. पण त्यासाठी नाही..."

"तू त्याच्या बापाचा नाव काढला सगल्यांसमोर. चार दिस तो जेवला नाय." मग तिने आवाज खाली केला, मागे कुणी असावं. "आता ऐक माझा. तू फोन करते ना, कोनी सांगतं ना बाय असं बोलली, त्या दिवशी तो जास्ती वाकतो. घरी येऊन मला सांगतो, आज एवढा वाकलो. तुला खरंच वाटतं त्याला कायी होऊ नये, तर तू गप बस. परत फोन नको करू." आणि फोन ठेवला.

मी दुसऱ्यांकडेही जाऊन आले. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या हापिसात एका साहेबांनी मला बसायला सांगितलं, चहा पाजला आणि विचारलं, "कुणाला इजा झाली आहे का?" नाही म्हटलं. "मग आत्ता आम्ही काय लिहायचं?" सुमेधने हात जोडले, "आता पुरे. लोक म्हणतील नोकरी गेली म्हणून सूड घेते." लोक म्हणतातच. ऐकायला मिळतं मला.

आणि सूड नाही हे मी कुणाला पटवू? रॉबर्टवर माझा राग आहे. रात्री आर्याच्या नाकाशी बोट धरते तेव्हा मला तो आठवतो, मान वाकडी करून, एक डोळा मिटून वर बघताना, आणि मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते. मला ज्यांची भीती वाटते त्यातल्या शंभरात नव्याण्णव गोष्टी होत नाहीत, हे मलाही कळतं. पंखा डोक्यावर पडत नाही. पण त्या गोष्टी मी मनात बघते. ही मी काचेखाली बघितली आहे, आणि एक हातात धरली आहे, आणि तिच्यातून नखाने खडा सुटून आला तो माझ्या नाही, त्याच्या नखाने.

तीन दांडे उरले आहेत. भट्टीतली प्रत्येक फेरी त्या काळ्या धाग्याला थोडं थोडं उघडत असणार. वरून दिसणार नाही. मी गेले तर तो वाकेल, मी गेले नाही तर तो सवयीने वाकेल.

म्हणून हे तुम्हाला लिहिलं. तुम्ही वसईत कुठे राहत असाल, वालीवकडे तुमचं जाणं-येणं असेल, कुणी ओळखीचं त्या भट्ट्यांवर असेल, तर एकदा जा. चहाच्या वेळेला जा. गेटबाहेर एक उंच, खांद्यात थोडा वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस एकटा ग्लास घेऊन उभा असेल. आणखी कुणी बाहेर येत असेल तर काही बोलू नका, दुसऱ्या दिवशी जा. एकटा असला तर त्याच्याशी मिठाच्या गोष्टी काढा. बाप मिठागरावर होता, तो बोलेल. न ढवळलेल्या मिठाचा खडा का फुटतो ते त्याला विचारा, आणि उत्तर देताना तो मध्येच थांबला तर तुम्हीही गप्प राहा, त्याला थांबू द्या. दांड्याचं नाव त्यानेच काढलं पाहिजे.

माझं नाव काढू नका.

आणि जमलं तर आत डोकावून एवढंच बघा, माल वर निघतो तेव्हा तो कुठे उभा राहतो. बाजूला, की खाली. बघा आणि मला कळवा.